कॅन्सरच्या पेशंटचं मनही आजारी पडतं. घरच्यांनी काय करावं, मदत कुठं मिळते?

संग्रामपूर : घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिला हिशेब पैशाचा होतो. कोणत्या दवाखान्यात न्यायचं, योजनेत बसते का, गाडीभाडं किती लागेल, वावर कोण पाहील. हा हिशेब करावाच लागतो. पण पेशंटला रात्री झोप लागते का, हे विचारायचं राहून जातं. उपचार मधातच सोडणाऱ्यांमध्ये पैसा संपलेले असतात, तसे मनाने खचलेलेही असतात. म्हणून मनाची काळजी हा उपचाराचाच भाग आहे.

*मन का खचतं?*

मरणाची भीती तर असतेच. पण तेवढंच नाही. तोंडाचं ऑपरेशन झालं की बोलणं अडखळतं, जेवताना तोंडातून सांडतं, मग माणूस पंगतीत बसायचं टाळतो. केस गेलेली, स्तन काढलेली बाई लग्नकार्याला जात नाही. ऐन कपाशीच्या वेचणीत घरचा कर्ता खाटेवर पडला, तर 'मी घरावर ओझं झालो' हे त्याच्या डोक्यात घर करते. उपचार संपल्यावरही दर तपासणीच्या आधी 'पुन्हा निघाला तर?' ही धाकधूक राहते.

काही वेळा कारण शरीरातच असतं. केमोसोबत देतात त्या स्टेरॉईडमुळे झोप उडते, चिडचिड वाढते. रक्त कमी झालं की गळून गेल्यासारखं वाटतं. मानेला रेडिएशनचा शेक दिल्यावर काहींचं थायरॉईड कमी पडतं आणि माणूस सुस्त, उदास होतो. त्यामुळे 'स्वभाव बदलला' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावं. यावर इलाज आहे.

*साधी काळजी की आजार?*

रिपोर्ट आल्यावर रडू येणं, राग येणं, जेवण न जाणं साहजिक आहे. बरेच जण हळूहळू सावरतात. पण दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं.

कॅन्सरच्या दवाखान्यात एक सोपी पद्धत वापरतात. ती घरीही करता येते. पेशंटला विचारा, 'या आठवड्यात मनाला किती त्रास झाला? काहीच नाही तर ०, सहनच होत नाही तर १०.' उत्तर ४ किंवा त्याच्या वर आलं, तर पुढच्या तारखेला डॉक्टरांना नक्की सांगा.

*घरच्यांनी काय करावं*

बऱ्याच घरी पेशंटला 'साधी गाठ आहे' असं सांगतात. पण दवाखान्याच्या पाटीवर कॅन्सर लिहिलेलं असते, माणसाला समजते. मग तो घरच्यांसाठी गप्प राहतो आणि घरचे त्याच्यासाठी. त्यापेक्षा 'तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?' असं विचारावं आणि खरं तेवढं सांगावं.

'काही होत नाही, धीर धर' एवढं म्हणून उठू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. भेटायला येणाऱ्यांनी 'आमच्या गावात एक जण असाच गेला' असल्या गोष्टी काढू नयेत. कॅन्सर शिवल्याने, सोबत जेवल्याने होत नाही. वेगळं ताट, वेगळी खाट ठेवली की माणूस आणखी तुटतो. डॉक्टर हो म्हणत असतील तर थोडं चालणं, झेपेल ते काम द्यावं. शेगावला दर्शनाने बरं वाटत असेल तर जरूर जावं, फक्त गोळी आणि दवाखान्याची तारीख चुकू देऊ नये.

सोबत राहणाराही थकतो. बायको, मुलगा, सून यांच्यापैकी एकावरच सगळा भार नको. आळीपाळीने जावं.

कॅन्सर म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. २००४ मध्ये शरद पवार यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्यानंतर २०१४ पर्यंत ते देशाचे कृषिमंत्री होते. प्रत्येकाचा आजार वेगळा, पण लवकर निदान आणि पूर्ण उपचार याला मोल आहे.

*ही बोलणी आली तर थांबू नका*

'जगून काय फायदा', 'माझ्यामागे तुम्ही सुटाल' असं पेशंट बोलला, तर हसण्यावारी नेऊ नका. 'जिवाचं काही करायचं मनात येते का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

*मदत कुठं मिळते*

टेली मानस : १४४१६ या नंबरवर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतही. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पेशंट आणि घरचे, दोघंही फोन करू शकतात.

गावात : आशाताईंना सांगा. वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयातून बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी मागता येते.

कॅन्सर दवाखान्यात : मुंबईच्या टाटासारख्या मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर आणि समाजसेवक असतात. केसपेपर दाखवून विचारा. 'येड्याचा डॉक्टर' म्हणून लाजू नका. मनाची गोळी सुरू करताना कॅन्सरच्या सगळ्या गोळ्या दाखवा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर मनाच्या काही गोळ्या तिचा असर कमी करू शकतात.

पैशाची काळजी : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवर उपचार होतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. उपचारासाठी जाताना पेशंट आणि सोबतच्या एकाला रेल्वे भाड्यात सवलत आहे, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून आणावा लागतो.

ज्या घरी पेशंट आहे, त्या घरच्या दोन तरी मोबाईलमध्ये १४४१६ हा नंबर आजच सेव्ह करून ठेवावा.