ध्वनीने कूर्चा पुन्हा वाढते काय?

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा हे केळीच्या मुलखातले गाव. घड वाहणे, ओल्या सरीतून चालणे, उकिडवे बसून पिले कापणे, सारा भार गुडघ्यांवर. पन्नाशी उलटली की गुडघे कुरकुरतात आणि 'वंगण संपले' असा निर्णय ओट्यावरच दिला जातो. तो अर्धाच खरा. सांध्यातील रस सहसा आटत नाही, उलट सूज आल्यास वाढतो. झिजते ती हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा.

कातडी फाटली तर भरून येते, मोडलेले हाडही सांधते. कूर्चेत मात्र रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील रसातून झिरपेल तेवढ्यावरच तिची गुजराण. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नमूद केले होते.

आता श्राव्यातीत ध्वनीने ती पुन्हा वाढेल, अशी आशा दाखविली जाते. सोनोग्राफीत वापरतात तोच हा ध्वनी. काम मात्र निराळे. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकू येते. उपचाराचे यंत्र बहुधा १० ते ३० लाख कंपने निर्माण करते. हवा हा ध्वनी परतवून लावते, म्हणून गुडघ्यावर आधी जेलचा थर द्यावा लागतो.

याचा एक सौम्य प्रकार, दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॉट, रोज २० मिनिटे, अमेरिकेत १९९४ मध्ये काही ताज्या अस्थिभंगांसाठी मान्य झाला. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नडगीच्या हाडाला त्याचा लाभ दिसला नाही. सशांच्या गुडघ्यांत पाडलेली छिद्रे या ध्वनीने अधिक चांगली भरली, असे २००१ च्या एका प्रयोगात आढळले. पण ती छिद्रे हाडापर्यंत गेलेली होती. तेथे मज्जेतील पेशी मदतीला येतात. वर्षानुवर्षे झिजलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. मनुष्यात ध्वनीने कूर्चा पुन्हा उगवते, हे सिद्ध झालेले नाही. वेदना काहींच्या बाबतीत कमी होते. तेही थोडके नव्हे.

म्हणून रोजचा खाडा करून शहरात खेपा घालण्यापूर्वी 'हा उपचार दुखण्यासाठी की कूर्चेसाठी?' असे रुग्णाने स्पष्ट विचारावे. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि जादा वजनात घट, यांचा आधार अधिक पक्का आहे, आणि त्यांना यंत्र लागत नाही. सांध्यात जंतुसंसर्ग, तेथे कर्करोगाची गाठ अथवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर हा ध्वनी लावूच नये.