दहा दिवस कोठे गेले?

महात्मा गांधींच्या रक्षणासाठी पोलिसांनी शक्य ते सर्व केले, प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती खुद्द गांधीजींनीच घेऊ दिली नाही, असे समर्थन १९४८ साली सरकारने केले. झडतीची गोष्ट खरी आहे. गोळी कोणी झाडली, याविषयीही आम्हांस शंका नाही. उरलेले समर्थन मात्र आम्हांस मान्य नाही.

बिर्ला भवनात स्फोट झाला तो २० जानेवारीस. मदनलाल जागीच सापडला आणि त्याच्या जबानीत पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या चालकाचा उल्लेख आला. त्या पत्राचे संपादक होते नथुराम गोडसे. आता संपादकाचे नाव ही काय गुप्त गोष्ट आहे? कायद्यानेच ते प्रत्येक अंकावर छापावे लागते. आमचेही छापले जाते. वरवंडच्या एस. टी. थांब्यावर अंक चाळणाऱ्यास जे दिसते, ते दिल्लीच्या पोलिसांस दहा दिवसांत दिसू नये! पुण्याचे एक वरिष्ठ पोलीस अधिकारी त्या वेळी दिल्लीतच होते. जबानीची प्रत घेऊन ते २५ तारखेस निघाले. विमानाने नव्हे, आगगाडीने, तेही अलाहाबादमार्गे. मुंबईस पोहोचेपर्यंत २७ तारीख उजाडली. नथुरामास ओळखणारा पुण्याचा एकही पोलीस बिर्ला भवनात उभा करण्यात आला नाही.

न्यायमूर्ती कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालात हे सारे आले आहे. पण चौकशी सुचली केव्हा? नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यातील एका समारंभात ग. वि. केतकरांनी कट आपणांस आधीच ठाऊक असल्याचे बोलून दाखविले, त्यानंतर. सोळा वर्षे सरकारला तिची निकड भासली नव्हती. अहवालाने दोष दाखविले; त्यांपायी कोणास जाब विचारला गेला, हे कोणा वाचकास ठाऊक असल्यास आम्हांस अवश्य कळवावे.