पूल रुंद होतोय. पायी चालणाऱ्याचे काय?

परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी रहदारीला बंद झाला. शंभरी ओलांडलेल्या या अरुंद पुलाच्या जागी आता दुमजली पूल येणार. खालून स्थानिक वाहतूक, वरून शिवडी-वरळी उन्नत मार्ग. पूल गेला तेव्हा हळहळीचे लेख पुष्कळ आले. ब्रिटिशांचे बांधकाम, जुनी मुंबई, वगैरे.

आमचीही या पुलावर माया आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहाहून निघाली ती याच पुलावरून दादर चौपाटीकडे गेली. टिळक पुलावरून वाट जवळची होती. पण यात्रा व्हिन्सेंट रोडने पोयबावडीकडे उतरली, एल्फिन्स्टन पूल चढली आणि सयानी रोड, गोखले रोड असा वळसा घेत गेली. हा सारा कामगारांचा मुलूख. परळच्या चाळीत बाबासाहेब स्वतः वर्षानुवर्षे राहिले. इथल्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्याला मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे! तो कामगार त्या दिवशी आपल्या बापाला निरोप द्यायला रस्त्यावर आला होता. निरोपाच्या लेखांत यातले किती आले?

पूल रुंद व्हावा, याला आमचा विरोध नाही. अरुंद वाटेचा जीव कोण देतो ते २९ सप्टेंबर २०१७ रोजी याच स्टेशनच्या पादचारी पुलावर दिसले. चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. सारी पायी चालणारी. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये पुलालगतच्या रहिवाशांनी 'आधी घरांचे बोला' म्हणत पूल बंद करू दिला नाही, तेव्हा त्यांना विकासाचे विरोधक ठरवण्याची घाई काहींना झाली होती. डोक्यावरचे छप्पर जाणाऱ्याने दुसरे काय विचारायचे?

नव्या पुलावर मोटारींच्या मार्गिका किती, हे सर्वांना तोंडपाठ आहे. पदपथ किती फुटांचा, हे आम्ही विचारतो. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्यांची नावे येतीलच. त्याच पुलावर ७ डिसेंबर १९५६ च्या अंत्ययात्रेची नोंद असलेला फलकही लागला पाहिजे. आराखड्यात आताच बसवा.