ज्ञानभांडारे आणि निवासी विकिपीडियाकार

ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयातील मराठी आणि गुजराती मुद्रित ग्रंथांची जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी तयार केलेली सूची १८९२ साली प्रसिद्ध झाली. मराठी ग्रंथेतिहासाच्या अभ्यासकांना ती परिचित आहे. लंडनमध्ये कोणते मराठी ग्रंथ पोचले होते हे तिच्यावरून कळते. परंतु त्या ग्रंथांत काय आहे हे जाणण्यासाठी वाचकाला तेथवर जावेच लागे. ग्रंथ जतन झाला, त्याची नोंदही झाली. तरी तो वाचकाच्या हाती आला असे म्हणता येत नाही. जतन आणि उपलब्धता यांमधील हे अंतर कमी करण्याचा एक निराळा प्रयत्न त्याच म्यूझियममध्ये २०१० साली झाला. तोवर तेथील ग्रंथसंग्रह १९७३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश लायब्ररीकडे गेलेला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

लिअम वायट हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ २०१० च्या उन्हाळ्यात पाच आठवडे या म्यूझियममध्ये विनावेतन काम करीत होते. त्यांचे पद ‘विकिपीडियन इन रेसिडेन्स’ असे होते. मराठीत त्याला ‘निवासी विकिपीडियाकार’ म्हणता येईल. विद्यापीठे निवासी लेखक नेमतात, त्या प्रथेवरून हे नाव आले. पण दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. निवासी लेखकाने आपली स्वतःची निर्मिती करावी अशी अपेक्षा असते. निवासी विकिपीडियाकाराने मात्र संस्थेतील तज्ज्ञ आणि बाहेरील असंख्य अनाम लेखक यांची गाठ घालून द्यावयाची असते. तो स्वतः जितके कमी लिहील आणि इतरांकडून जितके अधिक लिहवील, तितके त्याचे काम सफल झाले असे समजावे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्लंडमधील सफक परगण्यात हॉक्सन नावाचे गाव आहे. तेथे १९९२ साली एक गृहस्थ धातुशोधक यंत्राने शेतात हरवलेली हातोडी शोधीत असता रोमन काळातील सोन्याचांदीचा मोठा ठेवा सापडला. त्यात सुमारे १५,००० नाणी होती. हा ठेवा ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. वायट यांच्या मुक्कामात विकिपीडियाच्या लेखकांना म्यूझियममध्ये बोलाविण्यात आले, ठेव्याच्या अभ्यासकांशी त्यांची बैठक झाली आणि त्याविषयीचा विकिपीडियावरील लेख विस्तृत व साधार करण्यात आला. शिवाय, म्यूझियममधील वस्तूंविषयी उत्कृष्ट ठरणाऱ्या पाच लेखांना म्यूझियमने प्रत्येकी १०० पौंडांची खरेदीपत्रे पारितोषिक म्हणून देऊ केली, आणि ते लेख कोणत्याही भाषेतील असले तरी चालतील असे जाहीर केले. ही शेवटची अट लहानशी दिसते; परंतु ज्ञान इंग्रजीतच असावे हा आग्रह तिने सोडून दिला होता.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होते. ज्या कोशात कोणीही लिहू शकतो, त्याच्याशी विद्वत्संस्थेने संबंध का ठेवावा? शंका रास्त आहे. परंतु विकिपीडियाचा एक नियम लक्षात घेतला पाहिजे. तेथे लेखकाचे स्वतःचे नवे संशोधन ग्राह्य धरले जात नाही. प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला पूर्वप्रकाशित आधार द्यावा लागतो. अर्थात् तेथे लेखकाच्या अधिकारापेक्षा त्याने दिलेल्या आधारास अधिक मोल आहे. असे आधार सर्वांत अधिक प्रमाणात कोठे असतात? ग्रंथालयात. तेव्हा या कोशाला ग्रंथालयाची जितकी गरज आहे, तितकीच ग्रंथालयालाही त्याची आहे. कारण सामान्य वाचक आज पहिली चौकशी बहुधा याच कोशात करतो.

संग्रहात पडून राहिलेली माहिती या मार्गाने कशी सजीव होते, हे एडिंबरा विद्यापीठात दिसून आले. तेथे जानेवारी २०१६ पासून असे पद आहे. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत चेटुकाच्या आरोपाखाली ज्यांच्यावर खटले झाले, त्यांची तपशीलवार नोंद याच विद्यापीठातील अभ्यासकांनी २००३ पर्यंत सिद्ध केली होती. तिचा उपयोग मुख्यतः संशोधकांपुरता राहिला. पुढे ही माहिती विकिडेटा या मुक्त माहितीसंग्रहात घालण्यात आली. एका विद्यार्थिनीने जुन्या कागदांतील गावांची नावे शोधून त्यांची स्थाने निश्चित केली. आणि २०१९ साली तीन हजारांहून अधिक आरोपितांची वसतिस्थाने दाखविणारा नकाशा सर्वांसाठी खुला झाला. त्या आरोपितांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आपल्याच गावातील एका स्त्रीचे नाव आज तेथील रहिवाशाला नकाशावर दिसते. मूळ संशोधनात याने फारशी भर पडली नाही. परंतु ते संशोधन ज्यांच्या पूर्वजांविषयी होते, त्यांच्यापर्यंत ते पोचले.

मराठी वाचकाने मात्र एडिंबऱ्यापेक्षा वेल्सकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. वेल्श ही बलाढ्य इंग्रजीच्या शेजारी नांदणारी लहान भाषा आहे. अ‍ॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जानेवारी २०१५ मध्ये निवासी विकिमीडियाकार नेमला आणि २०१७ साली ते पद कायम केले. ग्रंथालयातील जुनी निसर्गचित्रे कोणालाही वापरता येतील अशा रीतीने खुली झाली. वेल्श चरित्रकोशातील व्यक्तींची माहिती विकिडेटात गेली. आणि वेल्श शासनाच्या साहाय्याने आरोग्यविषयक लेख वेल्श भाषेत वाढविण्याचा उपक्रमही झाला. चित्रे खुली केली की काम संपले, असे तेथे मानले गेले नाही. चित्राखालचा मजकूर कोणत्या भाषेत वाचावयास मिळणार, हा प्रश्नही तितकाच मोलाचा ठरला. असे झाले नसते, तर वेल्सचीच संपत्ती इंग्रजीच्या भांडारात जाऊन पडली असती.

या व्यवस्थेत धोकेही आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या बेल्फर सेंटरमध्ये २०१२ च्या सुमारास अशीच एक नेमणूक झाली. तीसाठी एका प्रतिष्ठानाचा निधी विकिमीडिया फाउंडेशनमार्फत आला होता. वेतन घेऊन लेखन करणे आणि संस्थेच्या हितसंबंधांशी निगडित लेखन करणे यांविषयी आक्षेप निघाले. २०१४ साली फाउंडेशनने आपल्या चुका उघडपणे मान्य केल्या. निवासी विकिपीडियाकार दोन घरांचा सेवक असतो. त्याचे वेतन संस्था देते, पण लिखाणात त्याने संस्थेची बाजू मांडावयाची नसते. म्हणूनच आपली नेमणूक जाहीर करणे आणि संस्थेविषयी स्वतः न लिहिणे, ही पथ्ये त्याने पाळली पाहिजेत. दुसरा प्रश्न मर्यादेचा आहे. संग्रहातील सर्वच काही खुले करण्याजोगे नसते. दिवंगत लेखकाची खासगी पत्रे ग्रंथालयात आली, एवढ्याने ती जगासमोर मांडण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. स्वामित्वहक्क हा एक भाग झाला. औचित्य हा त्याहून निराळा भाग होय.

हे सर्व ध्यानी घेऊनही मराठीच्या दृष्टीने या पदाचे महत्त्व कमी होत नाही. उलट ते अधिक आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. परंतु त्यातील विधानांना लागणारा आधार बहुतांशी जुन्या नियतकालिकांच्या अंकांत, प्रस्तावनांत आणि चरित्रांत आहे, व ते साहित्य ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. एखाद्या कवीच्या पहिल्या संग्रहाचे साल एका लेखकाने चुकीचे दिले की पुढचे दहाजण तेच उद्धृत करतात, कारण मूळ प्रत पाहणे प्रत्येकाला शक्य नसते. समीक्षा अशा वेळी ऐकीव माहितीवर उभी राहते. त्यातच मराठीचे धन केवळ महाराष्ट्रात नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आहेत. तेथे मराठी व तमिळ या दोन्ही भाषा जाणणारा असा कार्यकर्ता वर्षभर बसला, तर दोन्ही साहित्यांच्या इतिहासाला त्याचा लाभ होईल.

श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड शासकीय आश्रयाविना सिद्ध केले. त्यामागची निष्ठा आजही वंदनीय आहे. परंतु एका पुरुषाच्या असामान्य कर्तृत्वावर भाषेने नेहमीच विसंबून राहावे, हे योग्य नव्हे. निवासी विकिपीडियाकार हे असामान्यांचे पद नाही. परिश्रमी आणि निःस्पृह माणसाला ते पेलण्यासारखे आहे. त्याच्या मुक्कामात किती लेख झाले, हे मोजणे सोपे आहे. तो निघून गेल्यावर त्या ग्रंथालयातील किती कर्मचारी आणि किती वाचक स्वतः साधार लिहू लागले, यावरूनच त्या मुक्कामाची खरी किंमत ठरवावी लागेल.