जिंकत आलेला डाव का जातो?

बुद्धिबळ खेळणारे चुकत नसतील असं आपल्याला वाटतं. स्कॉटलंडच्या जोनाथन रोसन यांनी त्या चुकांवरच पुस्तक लिहिलं. ते स्वतः ग्रँडमास्टर. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनचे विजेते. लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिन, तरी खेळ सुटला नाही.

२००० साली आलेल्या त्या पुस्तकात त्यांनी खेळाडूची सात पापं सांगितली. एक पाप हाव. डाव जिंकत आला की खेळाडू पटाकडे बघायचं सोडतो, निकालाकडे बघतो, अन् तिथंच घसरतो. दुसरं अहंकार. समोरचाही डोकं चालवतोय, हे विसरायला होतं. आम्हाला तर हावेचं पाप फार ओळखीचं वाटलं. कर्ज मंजूर होताना रक्कम दिसते, हप्ता दिसतो का?

पुढे रोसन यांनी शहाणपण म्हणजे काय, याच विषयावर ब्रिस्टल विद्यापीठातून पीएचडी केली. समाज आणि माणसाचं मन यांचा एकत्र विचार करणारी संस्था लंडनमध्ये उभी केली. २०१९ साली बुद्धिबळ आणि आयुष्य यांवर आणखी एक पुस्तक आलं. पटावर घरं ६४, म्हणून त्यात छोटे लेखही ६४!