हळदीचा डाग लाल का होतो? विज्ञानातून इंग्रजी शिकताना



मुलांना इंग्रजी यायला हवं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. बँकेचा फॉर्म असो, औषधाचं पाकीट असो नाहीतर कॉलेजचं पुस्तक, इंग्रजी कुठे ना कुठे आडवं येतंच. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. कितीतरी जणी मराठी शाळेतलाच 'सेमी'चा वर्ग निवडतात. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. काही शाळांत तो पहिलीपासून असतो, काहींत पाचवीपासून, तर काहींत आठवीपासून.

पण मनात एक धाकधूक असते. विज्ञान शिकता शिकता इंग्रजी खरंच येतं का? की इंग्रजीपायी विज्ञानही हातचं जातं? आज याबद्दलच बोलू या.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. तरी बरीच मुलं वर्षानुवर्षं शिकूनही दोन वाक्यं बोलायला बिचकतात. याचं एक कारण साधं आहे. इंग्रजीच्या तासाला पेन दाखवून 'धिस इज अ पेन' म्हणायचं. पेन तर सगळ्यांना दिसतोच आहे, मग त्यात सांगण्यासारखं काय? भाषा कधी येते? काहीतरी सांगावंसं वाटलं की येते. आणि विज्ञानात सांगण्यासारखं पुष्कळ घडतं.

आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लालसर होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आता हेच वर्गात करायचं. कागदाच्या पट्टीला हळदीचं पाणी लावून ती वाळवायची. तिच्यावर कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. पिवळी पट्टी लाल होते. मग त्याच जागी लिंबाचा रस पिळायचा. पट्टी पुन्हा पिवळी! मुलं आधी मराठीतच ओरडणार, "अगं, बघ बघ, रंग बदलला!" ओरडू द्यावं. मग बाईंनी छोटी छोटी वाक्यं म्हणावीत: 'द पेपर इज येलो. नाऊ इट इज रेड. इट इज येलो अगेन.' डोळ्यांसमोर रंग बदललेला असतो, त्यामुळे 'नाऊ' म्हणजे आता आणि 'अगेन' म्हणजे पुन्हा, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

त्यानंतर मोठे शब्द आणायचे. लिंबात ॲसिड, म्हणजे आम्ल. साबणात बेस, म्हणजे आम्लारी. आणि दोघांची ओळख पटवणारी हळद म्हणजे इंडिकेटर, दर्शक. आता बघा, 'आम्लारी' हा शब्द मराठी असला तरी तो आपण घरात कधी वापरतो का? मुलाला 'बेस' जितका नवा, तितकाच 'आम्लारी'ही नवा. पट्टीचा रंग बदलताना पाहिला की दोन्ही शब्द लक्षात राहतात. पाहिलाच नाही, तर दोन्ही नुसते पाठ होतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वस्तू हातात द्यायची. मग जे दिसलं ते मुलाला आपल्या भाषेत सांगू द्यायचं. मग त्याला इंग्रजी शब्द आणि छोटं वाक्य द्यायचं. लिहिणं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे पुष्कळ वर्गांत हे उलटं होतं. फळ्यावर इंग्रजी उत्तर लिहायचं आणि मुलांनी ते सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचं. वही भरते, पण डोक्यात काही जात नाही.

याबाबत कॅनडातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मॉन्ट्रिअल शहराजवळ सेंट लॅम्बर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांची घरची भाषा इंग्रजी होती, पण त्या प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. शाळेत फ्रेंचचा तास असूनही मुलांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. तेव्हा काही पालकांनी, आणि त्यात आया पुढे होत्या, शाळेच्या मंडळाकडे पाठपुरावा केला. १९६५ साली तिथे बालवर्ग फ्रेंचमधून सुरू झाला. पुढे इतर विषयही फ्रेंचमधून शिकवले गेले. मुलं फ्रेंच चांगलं शिकली आणि त्यांचं इंग्रजीही बुडालं नाही. पण यातली एक गोष्ट आपण नीट लक्षात घ्यायला हवी. तिथल्या शिक्षकांना मुलांची घरची भाषा कळत होती आणि सुरुवातीला मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालत होतं. घरच्या भाषेचं वाचन-लेखनही पुढे शाळेत शिकवलं गेलं. म्हणजे नवी भाषा आली, पण जुनीला हाकलून नव्हे.

आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत, आणि जमलं तर आठवीपर्यंत, शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. गणित-विज्ञानाची पुस्तकं दोन्ही भाषांत असावीत, असंही त्यात आहे. तेव्हा बाईंनी वर्गात मराठीतून समजावून सांगितलं, तर 'सेमी असून मराठी का बोलतात?' अशी तक्रार करू नका. उलट ते हवंच आहे.

आणखी एक अडचण पुष्कळदा ध्यानात येत नाही. गणितात प्रश्न असतो: 'रवी हॅज ट्वेल्व्ह मँगोज. ही गिव्हज फाइव्ह टू मीना. हाऊ मेनी आर लेफ्ट?' बारातून पाच गेले, सात राहिले, हे मुलाला तोंडपाठ येतं. पण त्याने 'लेफ्ट' म्हणजे डावा एवढंच शिकलेलं असतं. इथे 'लेफ्ट' म्हणजे शिल्लक. त्याचा प्रश्न चुकतो आणि आपण म्हणतो, पोरगं गणितात कच्चं आहे! असे शब्द बरेच आहेत. 'टेबल' म्हणजे मेज, गणितात पाढा, विज्ञानात तक्ता. 'व्हॉल्यूम' म्हणजे रेडिओचा आवाज, पण विज्ञानात आकारमान. 'सेल' दुकानात वेगळा, बॅटरीत वेगळा आणि शरीरातली पेशी वेगळी. आपल्या बचत गटाच्या वहीतला 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज, आणि मुलाच्या पुस्तकात त्याचाच अर्थ आवड असाही होतो. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर दोन्ही अर्थांसह लिहून ठेवायला मुलांना सांगा.

तुम्ही म्हणाल, आम्हाला इंग्रजी येत नाही, मग आम्ही काय मदत करणार? पुष्कळ करता येईल.

मुलाने 'इव्हॅपोरेशन' पाठ केलं असेल, तर त्याला मराठीत विचारा, "ओलं लुगडं दोरीवर वाळतं, तेव्हा पाणी कुठं जातं रे?" त्याला सांगता आलं, तर धडा समजलाय. नुसता शब्द म्हणून दाखवला, तर समजलेलं नाही, आणि हे ओळखायला आपल्याला इंग्रजी यावं लागत नाही. मूग भिजत घालताना, मीठ पाण्यात विरघळताना, दूध नासताना मुलाला जवळ बोलवा. आधी मराठीत बोला, मग विचारा, "याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?" मूल शिकवेल, आपण शिकू. दुसऱ्याला शिकवताना त्याचंही पक्कं होतं. त्याचा उच्चार चुकला, तर हसू नका.

शाळेतही आपलं म्हणणं मांडायची जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपल्या गटातली कुणी ना कुणी त्या समितीत असेलच. तिने पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. विज्ञानाचे प्रयोग मुलं स्वतः करतात का? मुलाने बरोबर उत्तर मराठीत दिलं, तर ते बरोबर धरतात का? आणि धड्यातले नवे इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वर्गात लावलेले असतात का?

यातलं काहीच होत नसेल, तर 'सेमी' ही नुसती पाटी आहे. आणि हे तिन्ही होत असेल, तर साध्या मराठी शाळेतल्या मुलालाही विज्ञान समजेल आणि इंग्रजीही येईल.

या आठवड्यात घरी हळदीची पट्टी करून बघा. मुलांनी काय काय सांगितलं, ते गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगा.