मालमोटारीचा पंखा : पट्ट्यावरचा की विजेवरचा?

वैशाखातल्या दुपारी खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या जुन्या रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी एखाद्या वळणावर कडेला घेऊन उभी केलेली मालमोटार कधी ना कधी पाहिली असेल. पुढच्या जाळीतून वाफ निघत असते, मागच्या चाकाला दगड लावलेला असतो आणि क्लीनर पाण्याचा डबा हाती धरून एंजिन निवण्याची वाट पाहत असतो. रेडिएटरचे टोपण उघडण्याची घाई तो करीत नाही, आणि ते योग्यच आहे. टोपणाखाली दाब असतो. या दाबामुळे पाणी शंभर अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी उकळत नाही. परंतु टोपण फिरविताच दाब नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा एकदम भडका उडून हात व तोंड भाजते.

अशी मालमोटार पुढे गॅरेजात गेली की तेथे एक सल्ला बहुधा ऐकावयास मिळतो : पट्ट्यावरचा पंखा काढून टाका आणि मोटारगाडीत असतो तसा विजेचा पंखा बसवा. सल्ला देणाऱ्याजवळ उदाहरणही तयार असते. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० गाडीत विजेचाच पंखा होता, आणि आज बहुतेक लहान गाड्यांत तोच असतो. मग मालमोटारीने काय घोडे मारले आहे? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरची चूल एकाच गाडीवर पेटते आणि त्या गाडीच्या कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने तर तो फार मोलाचा आहे; कारण एंजिन एकदा हाताबाहेर तापले आणि सिलिंडरांवरचे हेड वाकले, की दुरुस्तीत महिन्या-दोन महिन्यांची कमाई जाते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी पंख्याला काम तरी किती असते, हे पाहिले पाहिजे. चांगल्या डिझेल एंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे चाळीस टक्के उष्णतेचे चाकाला उपयोगी पडणाऱ्या शक्तीत रूपांतर होते. उरलेल्यापैकी बराच भाग धुराड्यावाटे निघून जातो, आणि सुमारे पाव हिस्सा एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. १८० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण भाराने चालत असेल, तर पाण्यात उतरणारी ही उष्णता ९० किलोवॅटच्या घरात जाते. घरी बादलीत पाणी तापविण्यासाठी आपण एक किलोवॅटची विजेची कांडी वापरतो. अशा नव्वद कांड्या एकाच वेळी पाण्यात सोडल्या आहेत अशी कल्पना करावी. ही सगळी उष्णता रेडिएटरमधून हवेत गेली पाहिजे. (रेडिएटर हा शब्द भाषांतरकाराला फसविणारा आहे. शब्दशः मराठी करू गेल्यास ‘प्रारणक’ असे काहीतरी होईल, परंतु प्रारणाने तेथून फारच थोडी उष्णता जाते. जवळजवळ सर्व काम नळ्यांना आणि पातळ पत्र्यांना घासून जाणारी हवा करते. यास्तव मूळ शब्दच ठेवणे बरे.)

हवा किती लागेल, याचाही हिशेब करता येतो. रेडिएटरमधून जाताना हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर ९० किलोवॅट उष्णता वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे ३ किलोग्रॅम, म्हणजे पावणेतीन घनमीटरच्या आसपास हवा लागते. रेडिएटरचे तोंड अर्धा चौरस मीटर असेल आणि मालमोटार सपाटीवर ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्या तोंडावर सेकंदाला ८ घनमीटरहून अधिक हवा आदळते. जाळीच्या व नळ्यांच्या अडथळ्यातून तिचा तिसरा हिस्सा जरी आत शिरला तरी काम भागते. पंख्याची गरज नाही. घाटात वेग ताशी १५ किलोमीटरवर येतो. आता समोरून येणारी हवा २ घनमीटर, आणि आत शिरणारी त्याहूनही कितीतरी कमी. एंजिन मात्र आपली सारी शक्ती पणाला लावीत असते. उरलेली हवा पंख्यानेच ओढून आणावयाची असते.

मालमोटारीत एंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असते. त्याचे पुढचे टोक रेडिएटरकडे असल्यामुळे पंखा त्याच टोकावर किंवा पट्ट्याच्या चाकावर बसविणे सोयीचे झाले. १९५४ साली जमशेदपूर येथे डाइमलर-बेंझच्या सहकार्याने टाटांच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्या काळापासून आपल्या रस्त्यांवर ही मांडणी परिचित आहे. लहान मोटारगाडीत एंजिन आडवे बसवू लागले, तेव्हा त्याचे टोक चाकाकडे वळले आणि पट्ट्याने पंखा फिरविणे अवघड झाले. विजेचा पंखा तेथे आला तो मुख्यतः या अडचणीतून, हे विसरता कामा नये.

पट्ट्यावरच्या पंख्यावर मुख्य आक्षेप असा, की तो एंजिनाचा गुलाम आहे. एंजिन जोरात तर तोही जोरात. हवा हवी आहे की नको, हे त्याला कळत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो महागात पडणारा आहे, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंख्याचे फेरे दुप्पट झाले तर हवा दुप्पट मिळते, पण शक्ती आठपट लागते. मिनिटाला १२०० फेऱ्यांना एक किलोवॅट घेणारा पंखा २४०० फेऱ्यांना आठ किलोवॅट घेतो. सपाटीवर समोरून फुकट हवा मिळत असताना एंजिन ६० किलोवॅट देत असेल आणि त्यांतले ४ किलोवॅट पंखाच खात असेल, तर शेकडा सहा-सात रुपयांचे डिझेल निव्वळ वारा ढवळण्यात गेले. थंडीतल्या पहाटे तर हा पंखा एंजिनाला धड गरमही होऊ देत नाही. घाट उतरताना, इंधन जवळजवळ बंद असताना, तो पूर्ण जोराने फिरतो. अर्थात तेव्हा तो थोडासा ब्रेकचे काम करतो, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तथापि त्याच्या बाजूने सांगण्यासारखे याहून महत्त्वाचे काही आहे. चढणीवर चालक खालचा गिअर टाकतो. गाडीचा वेग कमी होतो, पण एंजिनाचे फेरे वाढतात, आणि त्यांच्याबरोबर पंख्याचेही वाढतात. म्हणजे ज्या क्षणी समोरची हवा आटते आणि उष्णता सर्वांत अधिक असते, नेमक्या त्याच क्षणी हा ‘गुलाम’ पूर्ण शक्तीने राबतो. वरच्या गिअरमध्ये एंजिन रडत-रखडत चढविणारा चालक पंख्यालाही मंद करून ठेवतो, आणि मग दोष पंख्याला देतो. घाटात गाडी तापते अशी तक्रार ऐकली, की मला प्रथम गिअरविषयी विचारावेसे वाटते.

आता विजेच्या पंख्याकडे वळू. आपल्या उदाहरणातील पावणेतीन घनमीटर हवा रेडिएटरच्या अडथळ्यातून ओढण्यास पंख्याच्या दांड्यावर साधारण साडेतीन किलोवॅट शक्ती लागेल. मोटरमध्ये काही शक्ती वाया जाते, तेव्हा वीज चार किलोवॅटहून थोडी अधिक द्यावी लागेल. जड मालमोटारीतील विजेची व्यवस्था २४ व्होल्टची असते. चार हजार वॅटना २४ ने भागले की उत्तर १६५ अँपिअरच्या पुढे जाते. अशा गाडीच्या आल्टरनेटरची सारी क्षमता अनेकदा १०० अँपिअरदेखील नसते, आणि तिच्यातूनच दिवे, बॅटरी व इतर सर्व चालवावयाचे असते. मोटारगाडीचा पंखा तीनशे वॅटच्या आसपासचा असतो. तसले दोन पंखे मालमोटारीला जोडून घाट चढणे म्हणजे विहिरीचे पाणी लोटीने उपसणे होय. चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या मालमोटारींत पंखा पूर्ण वेगात तीस अश्वशक्ती किंवा त्याहूनही अधिक घेऊ शकतो; तेवढी शक्ती २४ व्होल्टवर द्यावयाची तर ९०० अँपिअर लागतील. मनगटाएवढ्या जाड तारा तरी कोठून आणावयाच्या?

शिवाय ही वीज फुकट मिळत नाही. आल्टरनेटरही त्याच एंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि त्याला दिलेल्या शक्तीपैकी साठ टक्क्यांच्या आसपासच वीज होऊन बाहेर येते. चार किलोवॅट विजेसाठी एंजिनाने जवळजवळ सात किलोवॅट दिले पाहिजेत. पट्टा तेच काम पावणेचारांत करतो. म्हणून विजेचा पंखा ‘कमी शक्ती घेतो’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. चालू असताना तो अधिक घेतो. त्याची बचत आहे ती बंद राहण्यात. दिवसातला बहुतेक वेळ सपाटीवर धावणाऱ्या हलक्या गाडीला ही बचत चांगली होते. लहान डिझेल पिकअपला, तिच्या एंजिनाला पुरेसा पंखा आणि पुरेसा आल्टरनेटर निवडून घेतल्यास, विजेचा पंखा लाभदायक ठरू शकतो. अमेरिकेतील अनेक शहरांच्या बसगाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे मोठे पंखे काढून त्यांच्या जागी लहान विजेच्या पंख्यांची रांग बसविण्यात आली, आणि तो बदल शहाणपणाचा होता. एंजिन मागे, रेडिएटर बाजूला, सतत थांबणे-निघणे, वर तापलेल्या एंजिनाजवळ तेल गळून आग लागण्याचे भय, अशी तेथील परिस्थिती होती. आल्टरनेटरही त्या हिशेबाने मोठे घेतले होते. दहा टन माल घेऊन घाट चढणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी आहे.

हवा विरळ असते तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावरील बारालाचा खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ४,८९० मीटर उंच आहे. तेथे हवेची घनता सपाटीच्या तीन-पंचमांश इतकीच भरते, म्हणजे पंख्याने तितकीच हवा ढकलली तरी तिच्यातला माल कमी. उघड्या भांड्यातले पाणीही तेथे ८४ अंशांच्या आसपास उकळते. टोपणाची रबरी चकती गळकी असेल, तर रेडिएटरचीही तीच गत होते.

पट्टा आणि वीज यांच्यामधला एक मार्ग फार दिवसांपासून उपलब्ध आहे आणि आजच्या पुष्कळ मालमोटारींत तो असतोच. पंखा व त्याचे चाक यांच्यामध्ये खाचा पाडलेल्या दोन तबकड्या असतात. त्या एकमेकींना टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये दाट सिलिकोन तेल आले की एक तबकडी दुसरीला ओढीत नेते. यालाच व्हिस्कस क्लच म्हणतात. पुढच्या बाजूस दोन धातूंची एक गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी पीळ बदलते, झडप उघडते, तेल आत येते आणि पंखा जोर धरतो. हवा निवली की तेल परत जाते व पंखा नुसता रेंगाळतो. नव्या गाड्यांत हीच झडप विजेच्या संकेताने उघडतात. फुकट फिरण्यातली बहुतेक नासाडी अशा रीतीने टळते, आणि गरजेच्या वेळी पट्ट्याची सारी शक्ती हाताशी राहते. असा क्लच असलेल्या गाडीत विजेचा पंखा बसवून इंधनाची मोठी बचत होईल, असे मानणे व्यर्थ आहे. वाचवावयाचे ते आधीच वाचलेले असते.

माझा ग्रह असा आहे, की पंखा बदलण्याच्या पुष्कळ बेतांचे मूळ बिघडलेल्या क्लचमध्ये असावे. तेल गळून गेले की पंखा फिरताना दिसतो, पण ओढत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. तापलेले एंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन, पाते हाताने ढकलावे. प्रतिकार जाणवला तर ठीक. चार-पाच गिरक्या सहज घेतल्या तर क्लच गेला. त्याच वेळी रेडिएटरच्या पत्र्यांत साचलेली धूळ व किडे, ढिला पट्टा, टोपणाची चकती आणि पंख्याभोवतीचे आवरणही पाहून घ्यावे. हे आवरण गॅरेजात एकदा काढले की पुन्हा बसविण्याचा अनेकांना कंटाळा येतो. त्यावाचून पंखा तीच तापलेली हवा पुनःपुन्हा घुसळीत बसतो.

हे सर्व पाहूनही ज्याला विजेचा पंखा बसवावयाचाच आहे, त्याने तो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असा बसवावा. पुढे बसविल्यास समोरची फुकट हवा अडते. तारा उलट जोडल्यास पाती उलटी फिरून वाऱ्याशीच झुंजतात. एंजिन बंद केल्यावरही पंखा चालू राहतो याचे कौतुक करू नये, कारण पाणी फिरविणारा पंप पट्ट्यावरच असतो आणि तो थांबलेला असतो. निवते ते केवळ रेडिएटरमधले पाणी. घाटमाथ्यावर एंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवणे हाच त्यावर उपाय. असा पंखा किल्ली काढल्यानंतरही एकाएकी फिरू लागतो, तेव्हा बॅटरीची तार सोडविल्यावाचून पात्यांजवळ बोटे नेऊ नयेत.

जुना पंखा मात्र लगेच भंगारात घालू नये. मे महिन्यात, पूर्ण माल भरून, दुपारी, ओळखीच्या घाटावर एक चढण करून पाहावी. काटा लाल रेघेकडे सरकू लागला, तर गाडी बाजूला घेऊन एंजिन निवू द्यावे आणि घरी गेल्यावर पट्टा पुन्हा चढवावा.